तळणाच्या तेलाचा साबण

सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरी दोन वर्षांत बाजारातून कपडे धुवायचा साबण आला नव्हता. त्यांची बायको तो घरीच करायची. तळणाचं उरलेलं तेल गाळून साठवायचं, हातमोजे घालून कॉस्टिक सोडा बेताबेताने पाण्यात सोडायचा, मिश्रण निवलं की तेलात घालून दाट होईपर्यंत ढवळायचं. मग वड्या पाडायच्या आणि महिनाभर सुकवायच्या. वाचलेल्या पैशांतून मुलीचा पोहण्याचा क्लास सुरू झाला. सेक्रेटरींना ते पैसे चालत, साबण मात्र चारचौघांत चालत नसे. लोक म्हणतील, यांना साबणही परवडत नाही, असं सांगून त्यांनी बायकोला कुठे न बोलण्याची ताकीद दिली होती.

एका रविवारी तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या मोरीतून घाण पाणी उलटं वर आलं. सोमवारी गिऱ्हाइकांना द्यायचे कपडे भिजून गेले. प्लंबरमामांनी पाइप उघडला, तर आतून पांढरट, चिकट गोळे निघाले. ते पाहून सेक्रेटरींना घरचा साबणच आठवला. ते तडक वर गेले आणि बायकोवर बरसले. तुझ्या साबणानेच ही वेळ आणली, म्हणाले.

तिचा चेहरा उतरला, पण आवाज ठाम होता. "खाली चला. मामांनाच विचारू."

मामांनी एक गोळा बोटांनी चुरला, हुंगला आणि मान हलवली.

"ताई, हा साबण नाही. हे तळणाचं तेल. घरोघरी कढईतलं तेल मोरीत ओततात, ते आत जाऊन थिजतं आणि पाइपला धरतं. भोगतो कोण, तर सगळ्यात खाली राहणारा. तुमच्या मोरीचा पाइप मघाशी बघितला, लख्ख आहे. तुम्ही तेलाचं करता काय?"

एव्हाना सगळे शेजारी जमले होते. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. बोलले ते सेक्रेटरी.

"ती साबण करते. मला लाज वाटायची, म्हणून मी लपवायला लावलं. आणि आज न विचारता दोषही तिलाच दिला. चुकलो मी."

कोणी हसलं नाही. दोघं-तिघं तर खाली बघू लागले, कारण सकाळीच त्यांनी कढई रिकामी केली होती. मग कोणीतरी बादली आणली, कोणी दोरी बांधली, आणि शिंपीणबाईंचे कपडे सगळ्यांनी मिळून वहिनींच्याच साबणाने धुतले. संध्याकाळपर्यंत ते इस्त्रीला तयार होते!

आता महिन्यातून एकदा गच्चीवर साबण होतो. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर नाही, हे वहिनी दर वेळी बजावतात. डबा घेऊन घरोघरचं तेल गोळा करायचं काम सेक्रेटरींनी आपणहून अंगावर घेतलंय.

मंडळी, काटकसरीची लाज कशाला बाळगायची? आपल्या घरातली घाण दुसऱ्याच्या दारात सोडताना ती वाटली, तरी पुष्कळ झालं.