शिडी माळ्यावर

मनाली लग्न करून कॅनडाला गेली त्या वर्षीची, म्हणजे दोन हजार तेवीसची ही गोष्ट. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. परळच्या चाळीत मनालीचा बाप दौलत संगणकासमोर बसला होता आणि काळ्या पडद्यावर तिसऱ्यांदा तोच मजकूर येऊन थांबला होता: डिस्क सापडत नाही.

"काय म्हणते तुझी पेटी?" खाटेवरून राजारामने विचारलं.

"गप पडलीय."

"मग तुझ्यासारखीच झाली. पोरगी गेल्यापासून तू तरी कुठे बोलतोस?"

राजाराम दोन खोल्या पलीकडे राहायचा. जन्मापासून आंधळा. इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर म्हणून चौतीस वर्षं काढलेला. दौलत अंधांच्या एका संस्थेत ब्रेल छापायचं यंत्र सांभाळायचा; संस्थेने ते भंगारात काढलं तेव्हा त्याने घरी आणलं. राजारामची बायको सुचित्रा आजारी पडली, तेव्हा आपल्यामागे नवऱ्याचे हाल नकोत म्हणून तिने आपला सगळा स्वयंपाक दौलतला सांगून टंकून घेतला. ती चाळीस पानं राजारामने सहा वर्षं वाचली. आता म्हणत होता, ठिपके झिजले, हाताला लागत नाहीत.

पुन्हा छापायचं तर जुना संगणक मेलेला, आणि नव्याला हे यंत्र ओळखता येईना. त्यासाठी दौलतने कर्नल स्वतः बांधायला घेतला होता. कर्नल म्हणजे संगणक लावला की सगळ्यांच्या आधी उठून बाकीच्यांना कामाला लावणारा मूळ प्रोग्राम. एकदा बांधायला चार तास लागत.

"फोनमधली बाई वाचून दाखवेल की," दौलत म्हणाला.

"तिला बातम्या वाचू दे. सुचित्राचं बोलणं तिच्या तोंडून नको. तू त्या कर्नलमध्ये काय काय घातलंस, सांग तरी."

"थोडंच घातलंय रे. बाकीचं बाजूला ठेवलंय, लागेल तेव्हा उचलून घेईल."

"बाजूला म्हणजे कुठे?"

"डिस्कवर."

"आणि डिस्क उघडायचं काम कोणाचं?"

डिस्क उघडणारा भागही दौलतने डिस्कवरच ठेवला होता. दहा बाय बाराच्या खोलीत जन्म काढलेला माणूस. रोज लागत नाही ते माळ्यावर, ही हाताची सवय.

"म्हणजे शिडीच माळ्यावर टाकलीस," राजाराम म्हणाला. "आणि म्हणे मी आंधळा."

चौथ्यांदा बांधलेला कर्नल दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. पडद्यावर ओळी धावल्या, थांबल्या नाहीत. मग यंत्राने खडखडाट सुरू केला. शेजारची दर्शना दारात आली. "काका, भिंत पाडताय काय?"

"सुचित्रावहिनींचं पुस्तक छापतोय," दौलत म्हणाला. ती दार ओढून घेऊन गेली.

पहिला कागद बाहेर पडताच राजारामने हात पुढे केला. मांडीवर ठेवून ओळीवर बोटं फिरवली. "'कुळथाची पिठी. पाणी उकळलं की पीठ हळूहळू सोडा. घाई करू नका, घाईनेच तुमचं सगळं बिघडतं.'" तो हसला. "बघ, अजून ओरडते."

दौलतला ब्रेल डोळ्यांनी वाचता यायचं. हसत हसतच त्याने कागदाकडे पाहिलं. गठ्ठा सरळ लागावा म्हणून तो नेहमी शेवटच्या पानापासून छापायचा. राजारामच्या बोटाखाली शेवटचं पान होतं, बांगड्याच्या तिखल्याचं. पिठीचं पान अजून यंत्रातून यायचं होतं.

साखरेने राजारामचे पाय बधिर झालेत, हे दौलतला माहीत होतं. हाताच्या बोटांचं तो कधी बोलला नव्हता.

"ठिपके नीट उठलेत?" दौलतने विचारलं.

"कोरे करकरीत. आता कसं स्पष्ट लागतंय."

"मग उरलेली छापतो."

त्याने चाळीसच्या चाळीस पानं छापली आणि दोऱ्याने शिवून दिली. त्यानंतर रोज संध्याकाळी राजाराम दारात बसून वाचायचा आणि दौलत शेजारी बसून ऐकायचा. कोणतं पान उघडलंय ते त्याने पुन्हा पाहिलं नाही.

राजाराम सतरा फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी, शनिवारी दुपारी, आपल्या खोलीत वारला.