हौदाला रफू

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. अहो, पण मास्तरांना दुसरं सुचणार तरी काय होतं? घरामागे बांधून घेतलेला पोहण्याचा तलाव पाणी धरत नव्हता, आणि ज्याने तो बांधला तो कंत्राटदार फोन उचलत नव्हता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. त्यांनी जन्मभर लोकांची मापं घेतली, आणि बायकोने जन्मभर त्यांच्याच दुकानात उभं राहून इस्त्री केली. मास्तर बसून शिवायचे, ती उभी. शेवटी पाय तिचे गेले. आधी गुडघे धरले, मग कंबर, मग चाकाची खुर्ची आली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, जमिनीवर आता त्या उभ्या राहणार नाहीत, पण छातीभर पाण्यात अंगाचं ओझं कमी होतं, तिथे राहतील, हळूहळू चालतीलही. मात्र उशीर करू नका, पाय एकदा पुरते आखडले की मग पाण्याचाही उपयोग नाही. गावातला सार्वजनिक तलाव पायऱ्या पायऱ्यांचा. खुर्ची जाणार कशी? मास्तरांनी दुकान विकलं आणि घरामागे खड्डा खणायला घेतला.

कंत्राटदार तोंडाने इतका गोड की बायकोने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘गोड्या’ पाडलं. "काका, काकूंना मी स्वतः हात धरून पाण्यात उतरवणार," असं म्हणाला होता मेला. निळ्या फरश्या बसल्या, पाणी भरलं, आणि दुसऱ्या सकाळी तलाव कोरडा. उतरत्या भागापासून खोल टोकापर्यंत हा एवढा तडा, आत बोट जाईल असा. गोड्या म्हणाला, तडाबिडा काही नाही, पाणी उन्हाने उडतं. मास्तरांनी फोटो काढले, तर त्याचा वकील म्हणाला, हे फोटो कुठल्याही तलावाचे असतील. झालं! तेव्हापासून तारखांवर तारखा.

मास्तरांच्या वकीलबाई कडक होत्या. "कोर्टाचे कमिशनर येऊन स्वतःच्या डोळ्यांनी तडा बघणार," त्या म्हणाल्या. "तडा दिसला की कोर्ट कंत्राटदाराला तलाव नव्याने बांधून द्यायला लावेल. तोवर कशाला हात लावायचा नाही. धूळसुद्धा झाडायची नाही." मास्तरांनी धूळसुद्धा झाडली नाही. फरश्या सुटल्या, कोपऱ्यात शेवाळ धरलं, पाचोळा साचला. बायको मागच्या खिडकीशी खुर्ची लावून त्या खड्ड्याकडे बघत बसायची, आणि तिचे पाय दिवसेंदिवस आखडत चालले होते. मास्तर ते रोज चोळायचे, आणि ते आखडलेत हे तिला कळू नये म्हणून रोज काहीतरी विनोद करायचे. तिला सगळं कळत होतं. पाय कुणाचे होते?

एकदाची पाहणीची तारीख लागली. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आक्का आली.

आक्का मास्तरांची थोरली बहीण. आईच्या माघारी तिनेच त्यांना वाढवलं, सुई हातात दिली तीही तिनेच. ती रफू करणारी. तिच्या हातून गेलेल्या कपड्यावर फाटलेलं कुठे होतं ते मालकालाही सापडायचं नाही. "गिऱ्हाइकाला भोक दाखवायचं नसतं रे," ती म्हणायची. "विचारलं तर म्हणायचं, कुठे काय होतं?" डोळ्यांत आता मोतीबिंदू, पण बोटांना अजून सगळं दिसायचं.

या आक्काने तलावाला पहिल्यापासून विरोध केला होता. "अंथरूण पाहून पाय पसर. हौद कसला बांधतोस घरात?" म्हणून मास्तरांनी तिला तड्याबद्दल, कोर्टाबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. फोनवर विचारलं की म्हणायचे, थोडं काम बाकी आहे. आताही तिने मागच्या दारातून डोकावून नाक मुरडलं, तेव्हा मास्तर गडबडले. "होईल गं साफ. परवा एक साहेब यायचेत बघायला, मग करू." ही थाप त्यांना केवढ्याला पडणार होती ते तेव्हा कुणाला ठाऊक!

"साहेब यायचेत आणि घर हे असं?" आक्का म्हणाली. मास्तर हसले आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी मास्तर बायकोला घेऊन दवाखान्यात गेले. तिथे दिवस मोडला. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि म्हणाले, पाण्यातलं जे काय करायचं ते आता लवकर बघा. घरी परतले तेव्हा उन्हं उतरली होती. आक्का दारातच उभी, कपाळाला निळसर डाग, नखांत निळं-पांढरं सिमेंट.

"या, बघायला या," ती म्हणाली. लहान पोरीसारखी हसत होती.

 मास्तरांनी खुर्ची ढकलत मागच्या दाराशी आणली आणि तिथेच थांबले. तलाव लख्ख होता. पाचोळा नाही, शेवाळ नाही. सुटलेल्या फरश्या पुन्हा बसवलेल्या. आक्काने शेजारच्या बांधकामावरून गावी निघालेल्या एका गवंड्याला बोलावून मोठं काम करून घेतलं होतं, पण वरचा हात तिचाच. तिने पांढऱ्या सिमेंटात निळा रंग कालवून दिवसभर गुडघ्यांवर रांगत तो तडा बोटाबोटाने बुजवला होता.

"ओळखून दाखव कुठे होता ते," आक्का म्हणाली. "दाखव, दाखव!"

मास्तरांना खरंच ओळखता येईना. ते दाराची चौकट धरून बघतच राहिले. आक्काला वाटलं, भाऊ भारावला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा ठेवायला आत गेली.

बायको मात्र त्या निळ्या खड्ड्याकडे टक लावून बघत होती. "अहो," ती हलकेच म्हणाली, "भरा ना पाणी. आत्ता. गळेल तेव्हा गळेल. मला एकदा उतरू द्या."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का? उद्या कमिशनर यायचेत! सगळा पुरावा गेला आणि तुला पाण्यात उतरायचंय!" मास्तर तिच्यावर ओरडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, असे कधी ओरडले नव्हते.

मास्तरांनी वकीलबाईंना फोन लावून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाणी घालू नका, काही करू नका. काम ताजं आहे. बहिणीला आजच सगळं समजावून सांगा. उद्या कमिशनरांना त्यांनी खरं काय ते सांगितलं, की निभावेल." सोपं होतं. पण मास्तर स्वयंपाकघरात गेले तर आक्का पाय पसरून गुडघ्यांना तेल लावत होती. "तुझ्या बायकोसाठी केलं हो," ती म्हणाली. "मी तेव्हा फार बोलले होते तुला. मनात राहिलं होतं." आता हिला कुठल्या तोंडाने सांगायचं, की बाई गं, तू आमचा गळा कापलास? सकाळी सांगू, मास्तरांनी ठरवलं, आणि तेही तिच्या गुडघ्यांना तेल लावायला बसले.

सकाळी कमिशनर ठरल्या वेळेच्या आधीच दारात. मागे वकीलबाई, आणि त्यांच्यामागे गोड्या, पांढरे बूट घालून. त्याने तलावाकडे एकदाच पाहिलं. गडी हुशार, क्षणात समजला. "वा, काका! काय छान ठेवलाय! मी म्हणतच होतो, कुठे आहे तडा?"

कमिशनर चष्मा पुसून खाली उतरले. हात फिरवला, ठोकून पाहिलं. "इथे काम झालेलं दिसतंय. कुणी केलं? तडा होता का इथे?"

"माझ्या बहिणीने बुजवलाय, साहेब. तिला ठाऊक नव्हतं. आक्का, सांग त्यांना!"

आक्का पदर सावरून पुढे आली. तिला काय दिसत होतं? एक परका साहेब तिच्या भावाच्या घरात खोट काढतोय, आणि भाऊ घाबरून पांढराफटक पडलाय. जन्मभर गिऱ्हाइकापुढे उभी राहिलेली बाई ती. तिने मान ताठ केली.

"तडा? छे हो! इथे कुठे काय होतं? जरा धूळ पुसली, झालं. आमच्या घरात फाटकं काही नसतं."

"आक्का, खरं सांग गं!" मास्तर किंचाळले.

"साक्षीदाराला पढवू नका, काका," गोड्या मधाळ आवाजात म्हणाला. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

मग मास्तरांचं भान सुटलं. त्यांनी अडगळीतून हातोडा आणला, तलावात उडी टाकली, आणि जिथे तडा असावा असं वाटलं तिथे घाव घातला. फरशी उडाली. खाली पांढरं, टणक, एकसंध काहीतरी. त्यांनी पलीकडे घाव घातला, मग अलीकडे. आक्काच्या रफूने त्यांनाही दाद दिली नाही. ते घालत राहिले, रडत राहिले, आणि चहूकडे फरश्या उडत राहिल्या. शेवटी तळ फुटला आणि खालची माती दिसली.

"लिहून घ्या साहेब," गोड्या म्हणाला. "मालक स्वतःच फोडतायत." कमिशनर वाईट माणूस नव्हते. पण त्यांना जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सगळे गेल्यावर वकीलबाई दारात घुटमळल्या. "आता यात काही राहिलं नाही, मास्तर," त्या म्हणाल्या, आणि गेल्या. मग मास्तरांनी आक्काला सगळं सांगितलं. काल सांगायचं होतं ते, पहिल्यापासून लपवलेलं ते, सगळं.  आक्काने शेवटी एवढंच विचारलं, "मी वाढवलं ना रे तुला? मग मला सांगायला लाज कसली वाटली?"  मग ती काठ धरत धरत तलावात उतरली आणि फुटक्या फरश्यांमधून बोटं फिरवत बसली.

बायको खिडकीशी होती. तिने सगळं पाहिलं होतं. मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सवयीने तिचे पाय मांडीवर घेऊन चोळू लागले. विनोद काही सुचला नाही.

"वन्संनी चांगलं बुजवलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या हातोड्यालासुद्धा सापडलं नाही. काल भरलं असतं ना, तर पाणी टिकलं असतं हो. मी उभी राहिले असते."

मास्तरांचे हात थांबले. बाहेर आक्का फरशीचा एकेक तुकडा उचलून ओच्यात टाकत होती.

"चोळू नका आता," बायको म्हणाली. "खुर्ची तेवढी भिंतीकडे फिरवा."