बुटक्या झाडाचं तेल

माझे वडील सकाळी सहाला बोलायला लागत. आधी रेडिओशी भांडण, मग पावाच्या भावावर शेरा, मग गल्लीतल्या कुत्र्यांची चौकशी. विल्मार एचेवेरी हे नाव साल्तो शहरात संत्र्यांच्या वखारीत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि त्यांचा आवाज त्याहून जास्त लोकांना. चाळीस वर्षं पट्ट्यावरून घरंगळणाऱ्या संत्र्यांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागलेली. निवृत्त झाल्यावर खडखडाट गेला, आवाज तेवढाच राहिला.

मी त्यांची एकुलती मुलगी, नीबिया. नवरा सोडून गेल्यावर त्यांच्या घरी परत आले आणि पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन मांडलं. मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे झगे शिवते. छातीवर मण्यांचं भरतकाम असतं, ते हातानंच करावं लागतं. मणी मोजून टाकायचे. आठ पांढरे, तीन चांदीचे, परत आठ. एक चुकला की अख्खी ओळ उसवायची.

वडिलांचं खुब्याचं हाड वखारीतल्या शिडीवरून पडून मोडलं होतं. ते जुळलं, पण वाकडं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्यांचं पोट बिघडायचं. मग कायद्यानं घरी गांज्याची सहा झाडं लावायची मुभा मिळाली तेव्हा मी नाव नोंदवलं आणि यामांदूकडून रोपं आणली. यामांदू आमच्याकडच्या लागवडवाल्यांच्या क्लबाचा माळी. पस्तिशीचा, सावकाश बोलणारा. त्यानं मला दोन जाती दाखवल्या.

"ही उंच, बारीक पानांची. हिला सॅटिव्हा म्हणतात. ही दिवसाची. दुखणं जात नाही, पण माणूस दुखण्याला सोडून दुसरीकडे लक्ष देतो. गप्पा मारतो, कामाला लागतो. आणि ही बुटकी, रुंद पानांची, इंडिका. ही अंग सैल सोडते. डॉक्टर म्हणतात जातीवर काही नसतं, प्रत्येक झाडाचं वेगळं असतं. असेलही. पण माझ्या बागेतल्या ह्या दोघींचं मी सांगतो ते खरं आहे."

"मला झोप येत नाही रात्री," मी म्हटलं.

"मग बुटकी तुम्हाला, उंच वडिलांना. पण ताई, बुटकी दिवसा देऊ नका कुणाला. माणूस बसला की बसलाच."

मी चार उंच लावली आणि दोन बुटकी. फुलं वाळवून, भट्टीत मंद भाजून, ऑलिव्हच्या तेलात मुरवायची. दोन बाटल्या, दोन चिठ्ठ्या. वडील सकाळी पावाच्या तुकड्यावर उंच झाडाच्या तेलाचे चार थेंब टाकून खात आणि अर्ध्या तासात एकोणसाठ सालच्या पुरात छपरावर बसलेल्या बकरीची गोष्ट सुरू होई. ती गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली. प्रत्येक वेळी बकरी थोडी वजनदार झालेली असे.

दुपारी चारला दार्दो येई. दार्दो इरिगोजेन, वखारीतला त्यांचा जोडीदार, ब्रह्मचारी, बहिणीजवळ राहणारा. स्वयंपाकघरात येर्बाच्या पानांचा काढा घेत दोघं त्रुको खेळत. त्रुको हा पत्त्यांचा खेळ थापा मारण्याचा आहे. हातात काही नसताना राजासारखं बसायचं आणि हातात सगळं असताना रडवेलं तोंड करायचं. वडील ह्यात पटाईत होते.

"दार्दो, ऊठ आता, घरी जा. तुझ्या तोंडावर तीन दुऱ्या दिसतायत मला."

"माझ्या तोंडावर तुला बायकासुद्धा दिसायच्या, विल्मार. त्याही कधी नव्हत्या."

असं सहापर्यंत चाले. आरडाओरडा, टेबलावर थापा, आणि घाणेरड्या म्हणी. भिंतीपलीकडे मी आठ पांढरे, तीन चांदीचे.

त्या मे महिन्यात, आमच्याकडचा हिवाळा सुरू होताना, माझ्याकडे एकदम तीन झगे आले. एका मुलीच्या आईनं पूर्ण वरचा भाग मण्यांचा मागितला होता. एका सकाळी वडील माझ्या दारात खुर्ची टाकून बसले आणि बकरीवर आले. मी तिसऱ्यांदा ओळ उसवली. मग मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि दुसऱ्या दिवसासाठी पाव कापून ठेवताना मनात ठरवून टाकलं. सकाळी चिठ्ठीकडे न बघता, म्हणजे बघूनच, बुटक्याच्या बाटलीतले पाच थेंब टाकले.

"वेगळं लागतंय," ते म्हणाले.

"नवीन तेल आहे, बाबा."

दहाच्या सुमाराला ते खुर्चीत मान टाकून झोपले. घरात इतकी शांतता झाली की सुई कापडातून जाताना मला ऐकू आली. ते मला आवडलं. इतकी वर्षं गेली, मी त्या दिवसाबद्दल स्वतःशी बरंच काय काय बोलले, पण हे खरं आहे की मला ते आवडलं.

मी स्वतःला सांगितलं की हे त्यांच्या खुब्यासाठी आहे. अगदीच खोटंही नव्हतं. उठताना ते कण्हेनासे झाले. दवाखान्यातली डॉक्टर म्हणाली, "यंदा हिवाळा चांगला काढतायत तुमचे वडील." शेजारीण म्हणाली, "किती निवांत झालेत गं." निवांत हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी होता. झगे वेळेवर गेले, मग आणखी आले, आणि मी तीच बाटली वापरत राहिले. रात्री मला त्यातलं काही लागेनासं झालं. दिवसभर शांत बसून काम केल्यावर झोप आपोआप येई.

दार्दो मात्र निवांत हा शब्द वापरत नव्हता. जूनमध्ये एकदा तो निघताना माझ्या खोलीच्या दाराशी थांबला. टोपी हातात होती.

"नीबिया, याला काही झालंय का?"

"का? काय झालं?"

"आज याच्या हातात सगळ्यात वरचं पान होतं. मला नंतर कळलं. आणि हा बोललाच नाही. गप्प पान टाकून दिलं. विल्मार असा खेळत नाही. डोक्याच्या डॉक्टरला दाखव ना एकदा."

"वय झालं, दार्दोकाका."

"वय माझंही झालंय," तो म्हणाला. थोडा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मी मान खाली घालून मणी ओवत होते. मग तो गेला.

त्यानंतर तो एक दिवसाआड यायला लागला. जुलैत एका संध्याकाळी मी चहा ठेवायला आत गेले तर वडील बसल्या बसल्या झोपले होते आणि त्यांच्या हातातले तीन पत्ते टेबलावर उघडे पडले होते. दार्दोनं दुसरीकडे तोंड फिरवून ते हातानं चाचपून पालथे केले, गड्डीत सरकवले आणि कोट घातला. त्या आठवड्यानंतर तो आला नाही. मला वाटलं, कंटाळला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. चारनंतरचा वेळही मोकळा मिळाला.

ऑगस्टच्या मध्यावर दार्दो गेला. छातीत कळ आली, बहीण गाडी बोलवेपर्यंत संपलं होतं. मी वडिलांना सांगितलं. ते "हं" म्हणाले. मी त्यांना काळा कोट घालून अंत्यदर्शनाला नेलं. सकाळचा पाव त्या दिवशीही मीच दिला होता. वाटलं, आज तर त्यांना शांत राहायची गरज जास्त आहे. दार्दोच्या बहिणीनं त्यांना शवपेटीच्या अगदी जवळ खुर्ची दिली. वखारीतले सगळे जुने लोक एकेक करून येत होते, दार्दोबद्दल बोलत होते, आणि विल्मार काय बोलतो म्हणून त्यांच्याकडे बघत होते. वडील तोंड उघडं टाकून झोपले होते. मी त्यांची टोपी सरळ केली. लोकांनी ते म्हातारपण म्हणून सोडून दिलं.

सप्टेंबरच्या अखेरीला बुटक्याची बाटली संपली. माझा विवेक जागा झाला असं नाही, बाटली संपली इतकंच. दुसऱ्या दिवसापासून मी उंच झाडाचं तेल द्यायला लागले.

आठ दिवसांत रेडिओशी भांडण सुरू झालं. दहाव्या दिवशी पावाच्या भावावर शेरा आला. मी शिवता शिवता हसले. मग एका गुरुवारी, दुपारी, ते दाढी करून, धुतलेला सदरा घालून काठी घेऊन दाराशी आले.

"कुठे निघालास, बाबा?"

"दार्दोकडे. त्याला सांगून येतो, मी बरा झालो म्हणून."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली.

"तुला सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "जुलैत मीच त्याला म्हटलं, येऊ नकोस. म्हटलं, माझं डोकं गेलंय दार्दो, पानं कळत नाहीत मला, तुझ्यासमोर असं हरायची लाज वाटते. तो म्हणाला, येतो तरी, नुसता बसतो. मी म्हटलं, नको. रडला गाढव." ते टोपी घालत होते. "पण आता बघ, सगळं आठवतंय. सकाळी आंघोळीच्या वेळी वखारीतल्या आमच्या पट्ट्यावरच्या बावीस जणांची नावं म्हणून बघितली. बावीसच्या बावीस आली. हिवाळ्यात नऊ-दहाच्या पुढे जात नव्हतो. भ्यायचो मी. तुला बोललो नाही, तू उगाच घाबरली असतीस. जरा दार उघड, ही कडी घट्ट बसलीय."

"बाबा, बस जरा."

"आल्यावर बसतो."

"दार्दोकाका गेले. ऑगस्टमध्ये."

ते वळले. मी चेष्टा करतेय का ते माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिले, त्रुकोत समोरच्याचा चेहरा वाचतात तसं. मग भिंतीला धरून खाली शिवणाच्या स्टुलावर बसले.

"मला नाही सांगितलंस?"

"सांगितलं. आपण गेलो होतो. तू पेटीजवळ बसला होतास."

"मी? काय बोललो?"

"काही नाही. झोपला होतास."

"दार्दोच्या पेटीजवळ झोपलो होतो."

तेव्हा मी गप्प राहू शकले असते. वय म्हणून सांगितलं असतं, त्यांनी मानलंही असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर परत ती हिवाळ्यातली भीती उतरताना दिसली, आणि मी सांगितलं. बुटक्या झाडाचं तेल, मे महिन्यापासून, रोज सकाळी. मणी, बकरी, सगळं. सांगताना मी खुब्याचं नाव काढलं, तेवढं एकदा, आणि त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"खुबा राहू दे," ते म्हणाले.

त्यांनी काठीच्या टोकानं जमिनीवर पडलेला एक मणी बाजूला सारला. मग म्हणाले, "म्हणजे मी ठीक होतो."

"हो, बाबा."

"आणि तो मला वेडा समजून गेला."

मी फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं. रडले, माफी मागितली. ते ओरडतील म्हणून वाट बघितली. ओरडणं त्यांना येत होतं. ते उठले, स्वतः कडी सोडवली आणि दार्दोच्या बहिणीकडे एकटेच चालत गेले. दोन तासांनी आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. फक्त बाजारात भेटली की ती आधीसारखी गालाला गाल लावायची नाही, लांबून मान हलवायची.

यामांदूला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी म्हटलं होतं दिवसा नको." लगेच त्याला बोलल्याचं वाईट वाटलं, आणि तो कुंड्यांमधली माती उगाच दाबत राहिला. त्या वर्षी त्याच्याकडून वडिलांनी स्वतः रोपं आणली. अंगणात खुर्ची टाकून वाढवली, तेल मुरवायला स्वतः शिकले, आणि बाटली सदऱ्याच्या खिशात ठेवू लागले.

ते आणखी तीन वर्षं आणि काही महिने होते. आवाज परत आला, गोष्टीही आल्या, पण त्या शेजाऱ्यांसाठी, बसथांब्यावरच्या लोकांसाठी. माझ्याशी ते अदबीनं वागायला लागले. ज्या माणसानं मला आयुष्यभर "ए टिटवे, मीठ दे" म्हणून हाक मारली तो "नीबिया, जमलं तर मीठ देतेस का" म्हणायला लागला. जेवायला वाढलं की आभार मानायचे. मी सुई-दोरा घेऊन बसले की ते आपली खुर्ची उचलून अंगणात न्यायचे.

"बस ना इथेच, बाबा. बोल काहीतरी."

"नको, तुझं मोजणं चुकेल. इथे बरं आहे."

एकदा मी मुद्दाम बकरीचं विचारलं. त्यांनी सांगितली गोष्ट, पण चार वाक्यांत, पाहुण्याला सांगावी तशी. पूर आला, बकरी छपरावर होती, आम्ही होडीनं उतरवली. पुढे काही नाही.

ते गेले तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत गर्दी मावेना. वखारीतले उरलेले चार-पाच जण होते, बसथांब्यावरचे लोक होते, मला माहीत नसलेल्या दोन तरुण मुली होत्या आणि त्यांना बकरीची गोष्ट माझ्यापेक्षा चांगली येत होती. शेजारणीनं मला जवळ घेतलं.

"असा बाप कुणाला मिळतो गं," ती म्हणाली. "शेवटपर्यंत किती आदरानं बोलायचे तुझ्याशी."

मी हो म्हटलं.