उघड्या मानेची कोंबडी

मित्रांनो, मी एक म्हातारी कोंबडी आहे. माझ्या मानेवर एकही पीस नाही. कुणीतरी सोलायला घेतली आणि मध्येच कंटाळून सोडून दिली, अशी मी दिसते.

कोंबड्या पाळणाऱ्या एका काकूंच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. माझ्याबरोबरची पिल्ले कापसाच्या बोंडासारखी गुबगुबीत होती. माझी मान मात्र अंड्यातून बाहेर आले तेव्हापासूनच उघडी आणि लालबुंद. माझ्या आईबापांच्या माना पिसांनी भरलेल्या होत्या, मग मीच अशी कशी, ते कुणाला कळेना. कोंबड्यांना लाल कातडी दिसली की चोच आवरत नाही. सगळ्या मला टोचत. त्यांचे पोट भरल्यावर भांड्याच्या तळाशी जे उरे, ते माझे जेवण.

काकूंचे सासरे तोंडाचे फटकळ. हा रोग आहे, सगळ्यांना लागेल, असे म्हणत एका सकाळी त्यांनी मला बाहेर टाकून द्यायला पाय धरून उचलले. काकूंनी त्यांना थांबवले आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी मला उलटीसुलटी करून पाहिले.

"हा रोग नाही, आजोबा," ते म्हणाले. "जीव कसा घडवायचा, त्याचं लिखाण प्रत्येक अंड्यात असतं. ते उतरवताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं. हिच्या मानेची पिसं तशीच राहून गेली."

"म्हणजे चूकच ना?"

"चूक की सोय, ते पुढे कळेल. अशा बदलानं कुणाचा जीव जातो, कुणाचा वाचतो. बऱ्याचदा तर काहीच होत नाही."

मी वाचले. पण डॉक्टरांचे बोलणे कोंबड्यांना थोडेच समजले होते? टोचणे चालूच राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली. पंखे थांबले, पत्रा तापला. काकूंनी आणि आजोबांनी ओली पोती टांगली, धावपळ करून पाणी शिंपडले. कोंबड्या पंख पसरून, चोची उघडून धापा टाकू लागल्या. मीही धापा टाकत होते. पण अंगातली उष्णता माझ्या उघड्या मानेतून बाहेर पडत होती, त्यामुळे मी पायावर उभी राहिले. संध्याकाळपर्यंत तिसांपैकी बावीस जणी गेल्या. मला सर्वांत जास्त टोचणारीही गेली. मित्रांनो, मला आनंद झाला असेल, असे समजू नका. त्या दिवशी भरलेल्या भांड्याशी मी प्रथमच एकटी उभी होते, आणि एकही दाणा मी टिपला नाही.

आजोबा माझ्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "हिला मी टाकायला निघालो होतो."

मग माझे कौतुक सुरू झाले. काकूंनी माझी अंडी जपून उबवून घेतली. निम्म्या पिल्लांच्या माना माझ्यासारख्या निघाल्या. जगात आपल्यासारखे दिसणारे कुणी असले की कसे वाटते, ते मला पंधरा दिवस कळले. सोळाव्या दिवशी डॉक्टर टोपली घेऊन आले. इथल्याहून कडक उन्हाच्या गावी या पिल्लांची गरज आहे, असे त्यांनी काकूंना समजावले. टोपलीवर फडके पडले. आतली चिवचिव फाटकापर्यंत ऐकू आली.

पुढे हिवाळा आला, आणि त्याच मानेने माझा घात केला. ऊब टिकेना. मी कुडकुडायची, खायची चौघींचे आणि अंडे घालायची कधीमधी. कौतुकही माझ्यासारखेच गारठले. एकटे आजोबा तेवढे आले. त्यांनी जुन्या लोकरी मोज्याचा पंजा कापून टाकला आणि उरलेली नळी माझ्या गळ्यात चढवली. "गप बस गं बाई," एवढेच पुटपुटले.

माझी मान चांगली की वाईट, हे मला विचारू नका. उन्हाळ्यात विचाराल तर एक उत्तर मिळेल, हिवाळ्यात दुसरे. माझे मागणे छोटेच आहे. तुमच्यात कुणी वेगळा जन्मला असेल, तर तो उपयोगी पडेपर्यंत थांबू नका. आजच त्याला खेटून बसा. इथे अंधार पडू लागला की सगळ्या जणी दांडीवर एकमेकींना चिकटून बसतात. माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी असते.