गोल अर्ज

११ मार्च, मंगळवार, सकाळचे दहा. शिवणखान्यात यंत्रं चौऱ्याऐंशी. त्यांपैकी चालू, चौऱ्याऐंशी.

यंत्रं दुरुस्त करणाऱ्या फिटरबाईंनी घड्याळ दोनदा पाहिलं. दहाच्या ठोक्याला सगळ्यांनी यंत्रं थांबवायची आणि मागच्या दाराचं कुलूप निघेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं, असं कालच एकमतानं ठरलं होतं. महिन्यापूर्वी एक मोटर जळाली, दालन धुरानं भरलं आणि सगळ्या जणी पुढच्या एकुलत्या दारावर तुटून पडल्या. त्या चेंगराचेंगरीत फिटरबाईंच्या धाकट्या जावेचं मनगट मोडलं. कापड चोरीला जातं म्हणून मागचं दार बंद. माणूस गेला तर चालतो.

ती जाऊही मनगटाला पट्टी बांधून, खाली मान घालून शिवत होती.

"दहा वाजले," फिटरबाई म्हणाल्या.

"कुणीतरी आधी थांबू दे ना, जाऊबाई. मग मी थांबतेच."

"सगळ्या हेच म्हणतायत."

फिटरबाई मागचं दार उघडण्याच्या मागणीचा अर्ज घेऊन तडक व्यवस्थापकाच्या खोलीत गेल्या. पहिली सही कुणाची हे कळू नये, म्हणून सह्या गोलाकार केलेल्या होत्या. एकूण एकोणऐंशी.

व्यवस्थापकानं कागद चहूबाजूंनी फिरवला. "नक्षी छान आहे. पण बाई, याला टोक कुठंय? मी बोलायचं कुणाशी?"

फिटरबाईंचं डोकं फिरलं. राग त्याचा आलाच. पण 'विषय फार महत्त्वाचा आहे हो' असं महिनाभर ऐकवून आता सुईत डोळे घालून बसलेल्यांचा त्याहून जास्त आला. त्यांनी कागद ओढून घेतला आणि मधल्या रिकाम्या जागेत आपलं पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट.

"माझ्याशी बोला."

"दार उघडणार नाही."

"मी विचारायला नाही आले, साहेब. कळवायला आलेय."

कापसाच्या धुळीत ग्राइंडरच्या ठिणग्या नकोत, म्हणून त्यांनी हातकरवत घेतली. कुलूप तुटायला अकरा मिनिटं लागली.

"कमाल आहे हो तुमची," मागून कुणीतरी म्हणालं.

"कमाल राहू दे. कुलूप धरायला ये."

कुणी आलं नाही.

बुधवारी दाराला नवं कुलूप होतं. त्यांनी तेही कापलं. गुरुवारचंही. व्यवस्थापक दात-ओठ खात राहिला; महिनाअखेरीस माल पाठवायचा होता आणि यंत्रं दुरुस्त करणारं दुसरं कुणी नव्हतं.

शुक्रवारचं कुलूप जाड होतं आणि करवत सारखी घसरत होती. मागे एक यंत्र थांबलं. जाऊ आली आणि तिनं धड असलेल्या हातानं पक्कड घेऊन कुलूप धरलं.

"रागावलात?"

"हो. नीट धर, हलू देऊ नकोस."

शनिवारी दाराला कुलूप नव्हतं. पुढेही लागलं नाही.

कापलेली कुलुपं: चार.