छान म्हणायचं नाही

आमच्या टीममध्ये ‘छान’ या शब्दाला बंदी आहे. बंदी घातली आमची टीम चालवणाऱ्या आत्याने, म्हणजे अपील नाही. चक्रीवादळ किनाऱ्याला लागायच्या आधी आम्ही तिथे पोचतो. वारा, हवेचा दाब, पाण्याची उंची नोंदवतो, चित्रीकरण करतो. सगळं शमलं की कॅमेऱ्यातलं बघायच्या आधी प्रत्येकाने आत्यासमोर बसायचं आणि रेकॉर्डरवर सांगायचं, काय पाहिलं. कुणी ‘छान होतं’ म्हणालं की ती कडाडलीच.

‘‘छान म्हणजे काय? भाजी छान असते. आकाश कसं होतं ते सांग!’’

तिचंही बरोबर होतं, कारण तिने स्वतः ते आकाश कधी पाहिलंच नव्हतं. वादळाच्या मधोमध त्याचा डोळा असतो. तो डोक्यावर आला की वारा एकदम पडतो, आकाश मोकळं होतं आणि आम्ही सगळे बाहेर धावतो. पण एकाने बॅरोमीटरजवळ बसायचंच. दाबाचा आकडा चढायला लागला की डोळा सरकला समजायचं. मग उलट्या बाजूने वारा येतो, तो पहिल्याहून द्वाड. लगेच शिट्टी. ती शिट्टी आत्याच्या गळ्यात. आमचा जीव दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायला ती तयार नसे. आता तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि ही तिची शेवटची खेप होती. या खेपेला तिने डोळा पाहावा, असं माझ्या मनाने घेतलं होतं. तिला मात्र मी बोलले नव्हते.

मुक्कामाला गाड्या ठेवायची काँक्रीटची इमारत निवडली, पाणी पोचणार नाही इतकी उंच. ड्रायव्हरने, आमच्या सारथ्याने, गाडी वरच्या मजल्यावर दोन खांबांच्या मध्ये घातली. गाठी मारण्यात पटाईत म्हणून ज्याला आम्ही गाठ्या म्हणतो, तो रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांना कॅमेऱ्याच्या पेट्या आवळत होता.

‘‘पुरे की रे,’’ सारथी म्हणाला.

‘‘खांब जाईल, पेटी जाणार नाही,’’ गाठ्या म्हणाला आणि त्याने आणखी एक गाठ मारली.

पाणी किती चढलं ते कळावं म्हणून मी एका भिंतीवर रंगाचे पट्टे ओढले. आत्याने वरून वाकून पाहिलं. ‘‘सरळ आलेत. कमाल आहे,’’ म्हणाली.

‘‘आत्या, डोळा आपल्यावरूनच जाईल?’’

‘‘त्यालाच विचार. मला सांगून येत नाही तो.’’

सकाळी वादळ आलं. बोलायचं तर एकमेकांच्या कानात ओरडावं लागत होतं. कुठला तरी पत्रा उडत गेला, खांबावरच्या कॅमेऱ्याचं चित्र आमच्यासमोरच्या पडद्यावर येत होतं, त्यात पाण्याने भिंतीवरचा एकेक पट्टा गिळला. आत्या आकड्यावरची नजर हलवत नव्हती. आणि मग कुणी नळ बंद करावा तसा आवाज थांबला.

मी तिच्या गळ्यातून शिट्टी काढून घेतली. ‘‘आज मी बसते. तू जा.’’

‘‘वेडी आहेस का? तुला जमेल?’’

‘‘तूच शिकवलंयस.’’

ती उठली. ‘‘आकडा चढला की थांबायचं नाही हं. माझ्यासाठीसुद्धा नाही.’’

‘‘नाही थांबणार.’’

सारथ्याचा हात धरून ती गच्चीवर गेली. उघड्या दारातून मला तिची पाठ तेवढी दिसत होती. मान वर, हात मागे बांधलेले. तिच्या पायाशी दमलेले समुद्रपक्षी येऊन बसत होते आणि ती हलत नव्हती. ती काय बघतेय हे जाणून घ्यायला मी अगदी आतुर झाले होते. बॅरोमीटरजवळ ती अशीच आतुर होऊन किती वेळा बसली असेल, हे मला तेव्हा कळलं.

आकडा चढला. अगदी इतकुसा. वाटलं, आणखी एकदा चढू दे, बघू दे तिला. पण शिट्टी ओठांत होती आणि मी ती जोरात वाजवली.

आत्याने मागे वळून पाहिलं. सारथी आणि गाठ्याने तिला दोन्ही बाजूंनी जवळजवळ उचलून आणलं. दार लावलं आणि वारा त्यावर आदळला.

दुपारी सगळं शमल्यावर मी तिच्यासमोर रेकॉर्डर ठेवला. ‘‘आकाश कसं होतं?’’

आत्याने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. इतक्या वर्षांत आम्हाला धारेवर धरणारी बाई शब्द शोधत होती.

‘‘छान होतं गं,’’ ती म्हणाली.

‘‘भाजी छान असते,’’ सारथी हळूच म्हणाला. आत्या हसायला लागली, हसता हसता रडली आणि मी रेकॉर्डर चालूच ठेवला.