पोटातल्या तीन रेघा

मी एक जुना, लाल रंगाचा, मासळी वाहणारा क्रेट आहे. मिरकरवाड्याच्या बंदरावर मला सगळे कॅरेट म्हणतात. कुठल्याही नावाने हाक मारलीत तरी मी काही धावत येणार नाही, तेव्हा तुम्हाला सोपं वाटेल ते म्हणा. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मित्रांनो. माझा स्वभाव संशयी आहे.

तो तसा का झाला, तेही ऐका. कारखान्यात प्लास्टिकचे दाणे वितळवले, साच्यात दाबले आणि मी बाहेर पडलो तो अगदी गुळगुळीत आणि भोळा. बंदरावर पहिल्याच दिवशी कुणीतरी माझ्या तळाशी मऊ पडलेले बांगडे भरले. वर ताजे, चकाकत्या डोळ्यांचे मांडले आणि त्यावर बर्फ पसरला. घेणाऱ्याने वरचे पाहिले आणि खूश होऊन मान डोलावली. खालचे कसे होते ते एकट्या मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं. तेव्हापासून वरवर दिसतं त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

पुढे मला शकूने घेतलं. शकू देवरूखच्या बाजारात मासळी विकते. सकाळी बंदरावर दमयंतीवैनींकडून माल भरून घ्यायचा, टेम्पोत चढवायचा आणि देवरूख गाठायचं, हा तिचा रोजचा रस्ता. दमयंतीवैनी म्हणजे बंदरावरचं मोठं प्रस्थ. बोटींचा माल लिलावात घ्यायच्या आणि शकूसारख्या बायकांना विकायला द्यायच्या.

मला घरी आणल्यावर शकूने चुलीत सळई लाल केली आणि माझ्या कुशीवर एक गोल डागला. ही बाई माझा छळ करायला बसली आहे, असंच मला वाटलं. पण बंदरावर हजारो कॅरेट एकसारखे असतात, आणि प्रत्येकाला आपापल्या मालकाची खूण लागते. त्या खुणेचा मान फार मोठा. दुसऱ्याची खूण असलेला कॅरेट तुम्ही आपला म्हणून वापरताना दिसलात की संपलंच. कॅरेटचोर असा शिक्का बसला की त्या माणसाला कुणी माल भरून देत नाही. तिथे पोलिसांना कुणी बोलावत नाही, नुसते सगळे पाठ फिरवतात. शकूचं घर तर त्या मालावरच चालत होतं.

मी तिच्याकडे बरीच वर्षं राबलो. बर्फाने गारठलो, उन्हात तापलो, खाऱ्या पाण्याने घासला गेलो. ती मला 'लाल्या' म्हणायची आणि आधी मला धुवून मग स्वतः हातपाय धुवायची. इतकं प्रेम कशासाठी, असा प्रश्न मला पडायचाच.

मग एकदा हातखंब्याच्या वळणावर टेम्पोने गचका दिला, मी रस्त्यावर आपटलो आणि माझी एक बाजू तळापर्यंत फुटली. भरलेली सुरमई तिथून शेपूट बाहेर काढायला लागली. शकूने तारेने बांधून पाहिलं, तर तार मासळीला फाडायला लागली.

"टाक गो तो भंगारात," शेजारीण म्हणाली. "नवीन मिळतात ढिगानं."

शकूने मला बांधलेली तार सोडून घेतली. दुसऱ्या दिवशी तिने मला गोणपाटात गुंडाळलं आणि चालायला लागली. आता आपली रवानगी भंगारात, हे मी ओळखलं. म्हटलं, लाल्या, हेच ते प्रेम!

पण ती पोचली एमआयडीसीच्या रस्त्याला, एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे सलोनी नावाची मुलगी फुटके कॅरेट, पिंपं, बर्फाच्या पेट्या दुरुस्त करते. प्लास्टिकच्या कामाचं शिक्षण घेऊन तिने नुकतीच शेड टाकली होती. बंदरावर तिला कुणी फारसं विचारत नव्हतं. प्लास्टिक सांधतात होय कधी, म्हणून लोक हसायचे. मीही मनात हसलो.

सलोनीने माझा एक कपचा काढून पेटवला आणि वास घेतला. "मावशी, ह्याला ह्याच्याच जातीचं प्लास्टिक लागणार. दुसरं लावलं तर जोड धरणार नाही." मग मागच्या ढिगातून तिने एक लाल मोडका कॅरेट ओढला आणि त्याचा तुकडा कापून माझ्या भोकावर बसवला. नळीतून गरम हवा सोडत ती कडेकडेने पट्टी वितळवत गेली, गोधडीला टाके घालतात तशी. चटका जबरदस्त होता, पण सांधा असा बसला की तिने माझ्यावर उभं राहून दाखवलं.

"ह्या तुकड्यावर कुणाची तरी जुनी खूण आहे, ती मी आतल्या अंगाला घेतलीये," ती म्हणाली. "बाहेर तुमच्या एकटीचा गोल दिसू दे."

शकूने खुशीत मान हलवली. माझ्या पोटात मात्र तीन डागलेल्या रेघा रुतून बसल्या होत्या. दोन सरळ आणि तिसरी वाकडी. हा तुकडा कुणाच्या अंगचा? ढिगात आला कुठून? आणि खूण आत का लपवायची? मला सगळा प्रकार काळाबेरा वाटला.

दुसऱ्याच सकाळी बंदरावर भांडणाचा भडका उडाला. एरवी वैनींचे गडी माल भरायचे, पण त्या दिवशी त्या स्वतः फावडं घेऊन उभ्या होत्या. बर्फ टाकायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"शके, ह्या रेघा कुणाच्या?"

शकूने आत डोकावून पाहिलं. "सलोनीनं तुकडा लावलान, वैनी. तिच्याकडचा हाय."

"माज्या हातच्या रेघा हायत ह्या!" वैनींचा आवाज पार बोटींपर्यंत गेला. "माज्या तीन चेडवांच्या तीन रेघा, एकेका पोरीची एक. तिसरी डागताना धाकटीनं पदर वढलान, म्हणून वाकडी. माजा पयला कॅरेट होता तो. चोरलास नि खूण आत लपवलीस?"

"मी नाय चोरलंय, वैनी."

"मग आत कशाला लपवलीस, सांग ना!"

ह्या प्रश्नाला शकूकडे जे उत्तर होतं ते खरं होतं, पण कुणाला पटेल असं नव्हतं. आजूबाजूच्या बायकांपैकी एकीने आपला कॅरेट शकूपासून हळूच लांब ओढला. खरं सांगू? मलासुद्धा वैनींचंच पटलं. मला पोसणारी बाई चोर निघाली, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

शकूने मला उचलून काखेत धरलं.  "वैनी, माज्याबरोबर चला. उरलेला कॅरेट तिथंच असंल. बघा, नि मग काय ता बोला."

वैनी निघाल्या, पण वाटभर पुटपुटत होत्या. चोर कोण, शकू की ती पोरगी, एवढंच त्यांना ठरवायचं होतं.

शेडमध्ये सलोनीने सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "खूण आत घ्यायचं माझ्या डोक्यातलं, काकी. मावशींचा काही दोष नाही. हे सगळे कॅरेट मी बंदराच्या कचऱ्यावरून उचललेत."

"कचऱ्यावरनं? माजा कॅरेट कचऱ्यात कोण टाकील? चोरानंच टाकला असंल!"

सलोनीने ढिगातून तो मोडका सांगाडा ओढून आणला. त्याची एक बाजू कापलेली होती, आणि मला तिथे टेकवल्यावर माझ्या तुकड्याची कड त्याच्या कडेला बरोबर जुळली. वैनी तिकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर सांगाड्याच्या मुठीवर होती. मूठ केव्हातरी तुटली होती आणि कुणीतरी हिरव्या नायलॉनच्या दोरीने ती आवळून बांधली होती. गाठ उलट्या अंगाची, डावखुऱ्या माणसाने मारलेली.

वैनी डावखुऱ्या आहेत. मघाशी फावडंही त्यांच्या डाव्याच हातात होतं.

त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला. 

"हिरवे नवीन कॅरेट आले तवा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गड्यांना सांगितलं मी. लाल सगळे टाकून द्या म्हणून. एक पण बघितला नाय मी."

मग माझ्या पोटातल्या रेघांकडे पाहून त्यांनी सलोनीला विचारलं, "एवडा तुकडा काडून देशील मला?"

"काढीन. पण मग ह्याला परत भोक पडेल."

वैनींनी शकूकडे पाहिलं. शकू खाली बघत होती.

"ऱ्हाऊ दे," वैनी म्हणाल्या.

आता सगळं गोड झालं असं तुम्हाला वाटेल. मला नाही वाटलं. माणसं चोर म्हणतात ती भर बंदरात, आणि चूक कबूल करतात ती चार भिंतींच्या आड. दुसऱ्या सकाळी शकू मला घेऊन रांगेच्या अगदी शेवटी उभी राहिली. बायका अजून तिच्याकडे तिरक्या नजरेने बघत होत्या. वैनी त्याही दिवशी मान वर न करता स्वतःच माल भरत होत्या. मी म्हटलं, बघा, मी सांगत नव्हतो?

तेवढ्यात वैनींनी फावडं टेकलं आणि हाक मारली, आदल्या दिवशी ओरडल्या होत्या तेवढ्याच मोठ्याने.

"शके! तुजा कॅरेट आण पुढं!"

मला आडवा करून त्यांनी आतल्या तीन रेघा सगळ्यांना दाखवल्या. "ही माजी खूण. मीच कचऱ्यात फेकलेली. हिनं नाय चोरलान. बोलले ता मी चुकले." आणि त्यांनी मला सगळ्यांच्या आधी भरलं. तळापासून ताजे बांगडे, मित्रांनो. मी स्वतः तपासले.

शकू रडली, टेम्पोत बसल्यावर, कुणी बघत नसताना. मला मात्र तिने मांडीला टेकवून धरून ठेवलं होतं. ते प्रेम कशासाठी, हे विचारायचं मी तेव्हापासून सोडलं आहे. आता वैनींचे फुटके कॅरेट सलोनीकडे जातात, आणि मला वैनी आता स्वतःच भरतात; त्या वाकड्या रेघेवरून बोट फिरवल्याशिवाय बर्फ टाकत नाहीत.

माझा स्वभाव बदलला असं मात्र समजू नका. संशय मी अजून घेतो आणि तुम्हीही घ्या, पण घ्यायचा कुणावर ते नीट बघा. फुटकी वस्तू सांधून वापरणाऱ्यावर नको. 'टाकून द्या, नवीन मिळतात ढिगानं' असं जो म्हणेल, त्याच्यावर घ्या. आणि टाकायला हात उचललाच, तर आधी ती वस्तू एकदा उलटी करून बघा. तिच्यावर तुमच्याच हातची गाठ असेल.